बँडवाला होण्याबद्दल, आई-बाबांना

कार्मेल, इंडियाना
एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. माझ्या धाकट्या मुलाने कॉलेजात संगीत शिकायचे ठरवले याला तुमची हरकत नाही, उलट तुमच्यामागे घरात कुणाच्या तरी हातात ताल राहिला याचे तुम्हाला समाधान आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. पण ज्याला ऑगस्टपासून चार वर्षे विद्यापीठात रीतसर शिकायला मिळणार आहे, त्याने त्याआधीचा सगळा उन्हाळा गळ्यात ड्रम अडकवून मैदानात पळण्यात का घालवावा, आणि त्यासाठी आपणच वर पैसे का मोजावेत, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही. ‘बँडवालाच व्हायचे होते तर कॉलेज कशाला’ असे तुम्ही लिहिले आहे. त्याला सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हे पत्र.

बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वरातीतला बँड उभा राहिला असणार आणि आईच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या आधी नदीपात्रात चालणारा ढोल-ताशाचा सराव. त्यात आईचा अंदाज अधिक जवळचा आहे. इथे ज्याला ड्रम कोअर म्हणतात त्या पथकात दीडशेच्या घरात मुले-मुली असतात. काही पितळी वाद्ये वाजवतात, काही तालवाद्ये, आणि उरलेली झेंडे व लाकडी रायफली फिरवत नाचतात. दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम बसवायचा, तो अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, आकृत्या बदलत वाजवायचा, आणि तोच घेऊन जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गावोगावच्या स्पर्धा करत फिरायचे, असे त्याचे स्वरूप असते. रात्री बसमध्ये झोप, पहाटे एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर हवेची गादी टाकून उरलेली झोप, मग दिवसभर सराव, संध्याकाळी कार्यक्रम आणि पुन्हा बस. अंतिम फेरी इथेच, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. २००९ पासून तिचा मुक्काम आमच्या गावाशेजारी आहे, म्हणूनच हे वेड आमच्या घरात शिरले असे तुमचे जावई म्हणतात.

याचे मूळ लष्करी आहे. पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावोगाव बिगूल आणि ड्रमची पथके उभी केली आणि त्यांच्या स्पर्धा भरवल्या. पुढे नियम आणि मानधन ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती असावा म्हणून पथकांनीच ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था काढली, आणि तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी झाली. तेव्हाचे साधे बिगूल गेले, मरिंबा आणि व्हायब्राफोन ही काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्ये आली, २००९ पासून सिंथेसायझरही चालतो. जुन्या लोकांना ते रुचत नाही, पण तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.

बाबा, तुम्ही लयीचे माणूस आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. गेल्या उन्हाळ्यात एका पथकाचा सराव आम्ही मैदानाच्या कडेला बसून पाहिला. मैदान शंभर यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. लय मिनिटाला १८० मात्रांची असेल तर एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते; म्हणजे टोकाला उभा असलेला वादक कानावर येईल त्या ठोक्याशी जुळवून वाजवू लागला, तर तो जवळजवळ मात्राभर मागे पडतो, आणि त्याची त्यात काही चूकही नसते. यावर त्यांनी काढलेली तोड अशी, की लयीचा मान मागे उभ्या असलेल्या स्नेअर ड्रमच्या, म्हणजे खाली तारा ताणलेल्या खणखणीत ड्रमच्या, रांगेकडे असतो. समोर ओट्यावर उभा राहून हात चालवणारा ड्रम मेजर त्या रांगेच्या पावलांवर नजर ठेवतो. दूर पांगलेल्या मुलांनी कानांवर विश्वास न ठेवता त्याच्या हातांकडे पाहायचे असते. मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा घेऊन उभी असलेली मुले मात्र उलट करतात: हातांकडे लक्ष न देता मागून येणारा ठोका ऐकून त्यात मिळून वाजवतात, कारण तिथून पुढे दोन्ही आवाज एकत्रच प्रेक्षकांकडे जाणार असतात. समेवर येणे म्हणजे काय, ते कोणाला ऐकू यायला हवे, आणि त्यासाठी कोणी कोणाचे ऐकायचे नाही, एवढा विचार करत ती पोरे धावत होती. प्रत्येकाजवळ एक लहानशी वही असते आणि कोणत्या मात्रेला कोणत्या यार्डरेषेपासून किती पावलांवर उभे असायचे ते तिच्यात लिहिलेले असते. पाऊलही नेमलेले असते, पाच यार्डांना आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचे. आठ मात्रांचा एक तुकडा त्यांनी भर दुपारी इतक्या वेळा घेतला की मलाच तो पाठ झाला, आणि एकही मूल कुरकुरले नाही. आमचा धाकटा घरी स्वतःचे ताट उचलायला तीनदा सांगायला लावतो.

तेव्हा तुम्ही ज्याला रियाज म्हणता तो तिथे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तीन महिने अकरा मिनिटांचा एकच कार्यक्रम घासणाऱ्या मुलाला नवा कागद समोर ठेवल्यावर तो वाचून वाजवता येईलच असे नाही, आणि इथे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पथकातल्या स्नेअरवर केव्हलार नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याची पुडी इतकी ताणलेली असते की काठी आपोआप उसळते. वाद्यवृंदातल्या स्नेअरवर तोच हात जड पडतो, कारण तिथे ऐकू येईल न येईल इतक्या हळू आवाजात लांबच लांब रोल, म्हणजे सलग थरथरणारा ठोका, धरून ठेवावा लागतो. आणि स्नेअर हे तर तिथले एकच वाद्य. कॉलेजात तालवाद्ये शिकायची म्हणजे चार काठ्या धरून मरिंबा, जॅझचा ड्रमसेट आणि टिंपनी, म्हणजे स्वरात लावायचे मोठे नगारे, हेही आले. टिंपनीचा स्वर पायाखालच्या पेडलने बदलतात, आणि तो भोवती सगळा वाद्यवृंद वेगळ्याच स्वरात गर्जत असताना, पुढच्या प्रवेशाआधीच्या मोजक्या मात्रांत, कातड्याला कान लावून मिळवावा लागतो. हातोडीने तबला लावताना पंखा बंद करायला लावणाऱ्या तुम्हाला याची कल्पना येईल.

शिवाय त्याने घेतलेली पदवी संगीत शिक्षणाची आहे, म्हणजे शाळेत शिकवण्याची. सुरुवातीच्या वर्षांत हार्मनी, म्हणजे स्वरमेळाचे शास्त्र, आणि कानाची तयारी: शिक्षक पियानोवर चार आवाजांचा तुकडा वाजवतात आणि विद्यार्थ्यांनी तो ऐकून स्वरलिपीत उतरवायचा. पियानो सर्वांना सक्तीचा आहे. सत्राच्या शेवटी अध्यापकांच्या मंडळापुढे एकट्याने वाजवून दाखवावे लागते; विशारदची प्रात्यक्षिक परीक्षा दिलेल्या माणसाला ते समजावून सांगायला नको. पुढे क्लॅरिनेट, बासरी, ट्रम्पेट, व्हायोलिन ही सगळी वाद्ये निदान नवख्या मुलाला शिकवता येतील इतकी हाती घ्यायची, कारण शाळेच्या बँडमध्ये निम्मी मुले फुंकून वाजवायची लाकडी घराण्यातली वाद्ये घेऊन बसलेली असतात आणि पथकात तर ती वाद्येच नसतात. शेवटी एक सत्र प्रत्यक्ष शाळेत शिकवायचे, मग राज्याचा परवाना. यातले काहीही मैदानावर मिळत नाही, आणि पोट यावरच भरणार आहे. म्हणून दोहोंपैकी एकच देता येईल अशी वेळ आली असती, तर मी क्षणभरही विचार न करता कॉलेज दिले असते, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे.

परंतु तशी वेळ आलेली नाही, आणि पथक यंदाच का, याला कारण आहे. ड्रम कोअरमध्ये वयाची अट असते. एकविशी-बाविशी उलटली की दार बंद होते, मग कितीही चांगले वाजवत असलात तरी. संगीत विद्यालयात पन्नाशीतही नाव घालता येते. दुसरे कारण त्याच्या भावी नोकरीचे आहे. इंडियानात हायस्कूलच्या बँडमास्तराकडून शाळेला जी पहिली अपेक्षा असते ती ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मैदानावर पथक उतरवण्याची, आणि हे काम करणारे कितीतरी शिक्षक स्वतः ड्रम कोअरमधून आलेले आहेत. शंभर मुलांना उन्हात उभे करून, न ओरडता, एकाच चुकीवर पुन्हा पुन्हा कसे आणायचे, हे वर्गात बसून शिकता येत नसावे असे मला तो सराव पाहून वाटले.

आता पैशांचे. पथकाची वर्गणी हंगामाला साधारण चार ते सहा हजार डॉलर पडते, त्यात बस, राहणे, जेवण आणि शिक्षक सगळे आले. आकडा लहान नाही, आणि त्याच उन्हाळ्यात काम करून तो जे काही मिळवता तेही बुडणार आहे. निम्मी रक्कम त्याने गेली दोन वर्षे शेजारच्या मुलांना ड्रम शिकवून साठवली आहे. उरलेली आम्ही देणार आहोत. तुम्ही पाठवू पाहता ते पैसे कृपा करून पाठवू नका. तुमच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ते बाजूला काढलेले आहेत आणि तिथेच राहू द्या.

काही अटी मात्र मी घातल्या आहेत. कानात बोळे घातल्याशिवाय सरावाला उभे राहायचे नाही, कारण तो आवाज दिवसभर उघड्या कानांनी झेलला तर ज्या कानावर चार वर्षे शिकायचे तोच बिघडेल. मनगट दुखू लागले तर लपवायचे नाही. दर वर्षीचा निर्णय त्या त्या वर्षी घ्यायचा; एका उन्हाळ्याची परवानगी म्हणजे चारांची नव्हे. पुढच्या हंगामाची शिबिरे हिवाळ्यात, शनिवार-रविवार धरून असतात आणि नेमकी कॉलेजच्या मैफलींच्या तारखांवर येतात. तेव्हा जिथे टक्कर होईल तिथे कॉलेज आधी. त्याच्या होऊ घातलेल्या प्राध्यापकांनाही मी यावर विचारले. ते म्हणाले की एक-दोन उन्हाळे जाऊ दे, पण तिसऱ्या वर्षी त्याने एखाद्या वाद्यवृंदाच्या उन्हाळी शिबिराचा अर्ज भरावा. मला ते पटले. त्याला अजून पटलेले नाही.

विद्यापीठाला १ मेपर्यंत होकार कळवायचा आहे, तो उद्या जाईल. पथकाचा सराव मेच्या मध्याला सुरू होतो आणि शाळेचा पदवीदान समारंभ त्यानंतर आहे, म्हणून त्याला दोन दिवसांची रजा घेऊन यावे लागेल. अंतिम फेरी आणि कॉलेजचा पहिला दिवस यांत जेमतेम आठवडा मिळतो. त्या आठवड्यात तो तुम्हाला फोन करीलच, पण बाबा, तुमच्या मनात अजून काही असेल तर ते त्याला आत्ताच, सरळ लिहा, माझ्यामार्फत नको. तुमचे तो ऐकतो.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कळवा. जपून असा.

तुमची लेक

ता. क. आई, तुझा प्रश्न राहिलाच. पथकाबरोबर स्वयंपाकाचा एक मोठा ट्रक फिरतो आणि दिवसाला चार वेळा जेवायला घालतात, शेवटचे खाणे रात्री कार्यक्रम झाल्यावर. रांधणारे बहुतेक पालकच असतात आणि शाकाहारी मुलांचे वेगळे करतात. जुलैत एक आठवडा मीही त्या ट्रकवर जाणार आहे. दीडशे माणसांच्या खिचडीला तांदूळ-डाळ किती लागेल ते तुझ्या हाताने लिहून पाठव, आणि फोडणीचे प्रमाणही.