पाषाणचा हिरवा दगड आणि त्याची चिठ्ठी

महोदय,

पुण्यातल्या पाषाणच्या जुन्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट हा स्फटिक आता मिळतो तो बहुधा जुन्या संग्रहांतूनच. त्याची ओळख टिकते ती सोबतच्या, ठिकाण लिहिलेल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर, आणि घर आवरताना नेमकी तीच रद्दीत जाते. नमुन्याच्या मागे, स्फटिक नसलेल्या जागी, पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन शाईने क्रमांक घाला; तोच चिठ्ठीवर. वरची कॅल्साइट (चुनखडीतले खनिज) काढायला ॲसिड वापरू नका, सोबतची स्कोलेसाइटसारखी झिओलाइट गटातली खनिजे त्यात जेलीसारखी होतात. वाघोलीचा कॅव्हनसाइट हा निळा खनिज नमुना घेताना दहापट भिंगातून त्याच्या स्फटिकांच्या गोळ्याचे बूड पाहा. स्टिलबाइट या दुसऱ्या खनिजावर मागाहून चिकटवलेल्या गोळ्याभोवती डिंकाची चकचकीत कड दिसते. अतिनील टॉर्चखाली बरेच डिंक चमकतातही. विक्रेता तपासू देत नसेल, तर सरळ पुढे चला!

– एक वाचक, पुणे