संत जोसेफ वाझ यांना गोरे रंगवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅम्प भागातली काही तरुण मंडळी संत जोसेफ वाझ यांच्या जीवनावर छोटा सिनेमा करायच्या तयारीत आहेत. घरी कोकणी आणि बाहेर मराठी-कन्नड बोलणारी, आपल्या बेळगावचीच मुलं. रंगभूषेसाठी ती शहापूरला माझ्याकडे आली होती. आमच्या घरात हे काम वडिलांपासून आहे. सफेदा, पिवडी, हिंगूळ यांच्या डब्या पेटीत घालून ते खानापूर तालुक्यातल्या गावोगावच्या नाटकांना जायचे. मी पॅनकेक आणि स्पिरिट गमवर आलो, एवढाच फरक. गुड फ्रायडेच्या देखाव्यात येशूची दाढी चिकटवण्याचं काम मी कित्येक वर्षं केलं आहे, त्यामुळे या मुलांना आनंदाने होकार दिला. पण बोलणं पुढे गेलं आणि मन अस्वस्थ झालं. संत म्हणजे गोरा, उजळ चेहरा, ही समजूत संतांवर सिनेमा काढणाऱ्या अनेकांच्या मनात असते, म्हणून चार ओळी लिहितो.

मुख्य भूमिकेसाठी निवडलेला मुलगा उंच आहे, मुळातच गोरा आहे. तरी मला सांगण्यात आलं, "अण्णा, अजून थोडा उजळ करा की. संत आहेत, तोंडावर तेज दिसायला पाहिजे." अंगात पांढराशुभ्र झगा, मागून दिवा, केस विंचरलेले.

मी त्यांना विचारलं, फादर वाझ सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, शिरले कसे, ते तुम्ही वाचलंत ना? वाचलं होतं. मग गोरा रंग लावून तो प्रसंग कसा उभा करणार?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातल्या बाणावलीचा, वडिलांचं गाव सांकवाळ. 1676 मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे काही वर्षं त्यांनी आताच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, बसरूर, गंगोळी, मंगळूर या भागात काम केलं. त्या काळी सिलोनच्या किनारपट्टीवर डचांचं राज्य होतं. 1658 मध्ये उत्तरेकडचं जाफना डचांच्या हाती गेलं, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली आणि तिथले भाविक जवळजवळ 30 वर्षं धर्मगुरूंवाचून राहिले. युरोपियन पाद्री किनाऱ्यावर उतरला असता तर पहिल्याच पहाऱ्यावर पकडला गेला असता. फादर वाझ 1687 मध्ये उतरले ते हमालाच्या वेशात, अनवाणी, सोबत जॉन नावाचा सेवक. उन्हात रापलेला हा माणूस त्या बंदरावरच्या शेकडो मजुरांसारखा दिसला म्हणूनच आत जाऊ शकला.

म्हणजे त्यांच्या कातडीचा रंग हाच या कथेचा कणा आहे. तो रंग पुसून तिथे गोरा, तेजस्वी चेहरा आणला, तर प्रेक्षक साहजिकच विचारेल की डचांच्या शिपायाला हा दिसला कसा नाही? मग उत्तर म्हणून चमत्कार घालावा लागतो. जिथे देवाला एका माणसाच्या साध्या दिसण्याचा उपयोग झाला, तिथे आपण दिव्यांचा झोत आणतो. श्रद्धेच्या माणसाला हे खटकायला हवं. मी कॅथलिक नाही, पण मला खटकलं.

जाफन्याला पोहोचले तेव्हा दोघेही हगवणीने अर्धमेले झाले होते. एका बाईने पेज पाजून जगवलं असं चरित्रकार सांगतात. बरे झाल्यावर फादर वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले. भिक्षा वाढणाऱ्याची नजर त्या माळेवर थबकते का, हे पाहायचं. ज्याची थबकली, तो आपला. भीतीने 30 वर्षं मिटून बसलेलं घर एका नजरेने उघडतं. पटकथेत या सगळ्याला दोन मिनिटं दिलेली आहेत! माझ्या मते अर्धा सिनेमा इथेच आहे. दार, हात, माळ, डोळे. याला खर्च नाही, सेट नाही. खानापूरकडच्या कुठल्याही जुन्या कौलारू घराच्या ओट्यावर हे चित्रित होईल.

पेज पाजणारी ती बाई पटकथेत नाहीच. ती घालावी, हे मी आग्रहाने सांगितलं आहे. प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम' व्हेनिसपर्यंत गाजला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम थोरच, पण त्या घरात चूल आहे आणि करवादणारी जिजाई आहे म्हणून तो तुकाराम खरा वाटतो. शेवटचं विमान मला लहानपणी आवडायचं. आता जिजाईसाठी पुन्हा पुन्हा पाहतो.

रंगभूषेचं म्हणाल तर आणखी एक दाखला. 1431 मध्ये जिवंत जाळलेल्या जोन ऑफ आर्कला 1920 मध्ये संतपद मिळालं. तिच्या खटल्यावर कार्ल ड्रायर यांनी 1928 मध्ये मूकपट केला, त्यात फाल्कोनेत्ती या नटीला मेकअप लावलाच नाही. कॅमेरा अगदी तोंडाजवळ. ओठांच्या भेगा, पापण्या, ओघळणारे अश्रू, सगळं उघडं. माझ्या धंद्याच्या माणसाने हे सांगावं, म्हणजे पोटावर पाय आणण्यासारखं आहे. पण त्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते माझ्या पेटीतल्या कुठल्याच डबीत नाही.

1692 मध्ये फादर वाझ कॅन्डीला, म्हणजे बेटाच्या आतल्या डोंगराळ भागातल्या स्वतंत्र राज्याच्या राजधानीत, पोहोचले आणि पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडले. कैदेतच ते सिंहली शिकले, तिथेच झोपडीवजा प्रार्थनाघर उभारलं. पटकथेत ते पहिल्या दिवसापासून खणखणीत भाषण करतात. मला वाटतं, त्यांनी अडखळावं. चुकीचा शब्द वापरावा, पहारेकऱ्याने हसून तो दुरुस्त करावा. सरकारी कचेरीत कन्नड अर्ज पुढ्यात घेऊन बसलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ते अडखळणं लगेच कळेल.

कॅन्डीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता. दुष्काळात फादर वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे आणि मुलांना तीच सर्वांत मोठी करायची आहे. ती असू द्या. भाविकांच्या ओठांवर आहे, ती वगळायचा अधिकार कुणाला नाही. पण राजाला मूर्ख किंवा क्रूर रंगवू नका. दुसऱ्या धर्माच्या या माणसाला त्याने मोकळं फिरू दिलं, काम करू दिलं. त्याच्या चेहऱ्याला काळ्या कोरलेल्या भुवया लावायला मी नकार दिला आहे.

1697 मध्ये कॅन्डीत देवीची साथ आली. आजारी माणसांना घरचेच रानात सोडून पळत होते. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ द कार्व्हालो त्यांच्यासाठी खोपटी बांधत, त्यांना खाऊपिऊ घालत, जखमा धूत, मेलेल्यांना पुरत. माझ्या आत्याच्या तोंडावर देवीचे वण होते. आजारात तिला गोठ्याकडच्या खोलीत ठेवलं होतं आणि एक शेजारीणच तेवढी आत जायची, हे ती म्हातारपणीही सांगायची. त्या शेजारणीचं नाव घेताना तिचा आवाज बदलायचा. कापूस आणि गोंद लावून फोड मी हुबेहूब करून देईन, ती कला मला येते. पण कॅमेरा फोडांवर रेंगाळू नये. तो धुणाऱ्या हातांवर राहावा, आणि ते हात दमलेले असावेत. नखांत माती असावी.

पायांचंही तसंच. पौराणिक म्हणा, धार्मिक म्हणा, आपल्याकडच्या सिनेमातले साधुसंत मैलोन्‌मैल चालतात आणि पाय मात्र तांब्याभर दुधाने धुतल्यासारखे. हा माणूस 16 जानेवारी 1711 रोजी कॅन्डीत वारला, तोवर जवळजवळ 24 वर्षं त्या बेटावर पायी फिरला. टाचांना भेगा नकोत का?

14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. चोर्ला घाट उतरला की ज्यांचा मुलूख लागतो, त्या माणसावर बेळगावच्या मुलांनी सिनेमा करावा याचा मला मनापासून अभिमान आहे. पैसे मी घेणार नाही, हेही त्यांना सांगितलं आहे. वाचकांपैकी कुणाकडे जुनी तागाची पोती, काथ्याचे दोर, मातीची भांडी असतील तर त्यांनी या मुलांना जरूर द्यावीत.

एक विनंती मात्र जाहीरपणे करतो. सेवक जॉनच्या भूमिकेसाठी त्यांनी जो मुलगा घेतला आहे, तो मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवतो. सावळा, काटक, खांद्याला घट्टे पडलेले, बोलणं कमी. तालमीत दुसऱ्यांचे संवाद चालू असताना तो ज्या लक्षाने ऐकतो, ते मी बाजूला बसून पाहिलं आहे. मुख्य भूमिकेसाठी त्याला एकदा कॅमेऱ्यासमोर उभं करून पाहा. त्याला रंग लावायची गरज पडणार नाही.

आपला,
एक रंगभूषाकार
शहापूर, बेळगाव