ऑल-स्टार संघनिवड : येत्या शनिवारी सकाळी ९

लिटल लीग बेसबॉलमध्ये खेळणाऱ्या ११-१२ वर्षांच्या मुलांच्या आईबाबांनो,

उन्हाळी स्पर्धेच्या संघाची निवड शनिवारी नेहमीच्या मैदानावर आहे. मुलांना पावणेनऊलाच आणा.

• वय ३१ ऑगस्टला किती पूर्ण होतं ते धरतात, इयत्ता बघत नाहीत. १ सप्टेंबरला तेरा पूर्ण होणारा मुलगा चालतो, ३१ ऑगस्टला होणारा नाही.

• जन्मदाखला, आणि पत्त्याचे तीन पुरावे किंवा शाळेत नाव असल्याचा फॉर्म. गेल्या वर्षी आमच्या विजेच्या बिलावर जुनाच पत्ता निघाला. रात्री बारापर्यंत ड्रॉवर उपसत बसलो होतो.

• भारताची तिकिटं काढली असतील तर आत्ताच सांगा. डिस्ट्रिक्टला हरलो तर प्रश्न मिटला, पण जिंकत गेलो तर सेक्शन, स्टेट, रीजन आणि ऑगस्टात थेट विल्यम्सपोर्टला वर्ल्ड सिरीज! नाव लागल्यावर ‘आजीकडे चाललोय’ म्हणणं म्हणजे दुसऱ्या मुलाची जागा अडवणं.

• पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा; ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस विश्रांती. शुक्रवारी अंगणात हात दमवू नका.

निवड लीगचं बोर्ड करतं. कोचना रात्री फोन नकोत, प्लीज.