छातीतलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका

महोदय,

दम लागतो, पाय सुजतात म्हणून जत-आटपाडीकडचे रुग्ण मिरजेला येतात, तेव्हा बऱ्याचदा ‘टीबीचं पाणी’ हे लेबल आधीच लागलेलं असतं. आपल्याकडे क्षय आहेच, संशय रास्त आहे. पण फुप्फुसाभोवती, आणि क्वचित हृदयाभोवती, साचलेलं पाणी ही न सापडलेल्या कर्करोगाची पहिली खूणही असते. फुप्फुसाचा, स्तनाचा, कधी लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. पाणी लालसर असेल किंवा काढल्यावर भराभर परत भरत असेल, तर हा संशय आधी घ्यावा.

प्रत्यक्षात लिटरभर पाणी निघतं, त्यातलं पाच मिली एडीए (क्षयाचा अंदाज देणारी चाचणी) आणि प्रोटीनसाठी जातं, बाकीचं बेसिनमध्ये. एडीए ४० च्या वर आला की क्षयाकडे कल जाणारच, पण तो लिम्फोमातही चढतो. कर्कपेशी शोधायच्या तर निदान ५० मिली पाणी द्या. रक्तमिश्रित असेल तर ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेल्या, बाटलीत. गोठलं की पेशी गाठीत अडकतात. नमुना त्याच दिवशी लॅबमध्ये पोचावा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको, तिथे पेशी फुटतात. एप्रिलच्या उन्हात दुपारभर एसटीतून आलेल्या बाटलीतून फारसं काही वाचता येत नाही. फॉर्मवर वय, विडी-तंबाखू, जुनी गाठ, घटलेलं वजन लिहा आणि ‘सेल ब्लॉक करावा’ (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवाव्यात) हेही. त्या ब्लॉकवर खास रंग करून मूळ गाठ कुठली, याचा माग लागतो.

पहिल्या नमुन्यात निम्म्याहून थोडेच जास्त कर्करोग सापडतात. त्यामुळे एक रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून थेट क्षयाच्या गोळ्या सुरू करणं मला पटत नाही. दुसरा नमुना पाठवा, तरीही उलगडा होत नसेल तर फुप्फुसाच्या आवरणाची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

हृदयाभोवतीचं पाणी एवढी सवड देत नाही. हळूहळू साचलं तर लिटरभरही सोसतं. झपाट्याने साचलेलं दीड-दोनशे मिली हृदय आवळून टाकतं. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, बीपी उतरत चाललेला, छाती ऐकायला स्वच्छ. अशा वेळी सूज बघून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी उतरवणारं औषध) दिलं की आधीच नीट न भरणारं हृदय आणखी रिकामं पडतं आणि बीपी कोसळतो. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, मग इकोखाली सुईने पाणी काढा. त्या धावपळीतही ५० मिली बाजूला ठेवायला सिस्टरना आधीच सांगून ठेवावं.

– एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज