मंद्या, सेमी-ऑटो घ्यायच्या आधी हे वाच

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तर देणार होतो पण ते वाढतच गेलं, म्हणून म्हटलं सरळ पत्र लिहावं, तसंही फोनवर तू मला बोलू देतोस कुठे. तर तू एल्कच्या (इथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला इकडे येतोयस हे ऐकून मला भयंकर आनंद झालाय, फक्त ते दुकानात जाऊन सेमी-ऑटोमॅटिक रायफल (एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) हातात धरून आलास आणि आता ती डोक्यातून जात नाहीये, त्याबद्दल जरा बोलायचंय.

आधी कागदपत्रांचं, कारण यात गडबड झाली तर रायफल राहील बाजूला आणि व्हिसाच जाईल. तू अजून एच-वन-बीवर आहेस. इथल्या फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायचं नाही. त्याला एक सूट आहे, तुझ्याकडे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असलं तर चालतं. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग पेनसिल्वेनियाचं लायसन्स, मग दुकान, हाच क्रम. आणि रायफल कपाटात असताना ते लायसन्स संपू द्यायचं नाही, दरवर्षी आठवणीने रिन्यू करायचं. तुझ्या इमिग्रेशन वकिलालाही एकदा विचारून घे, फी घेतोच आहे तर.

आता रायफल. तू पिट्सबर्गला राहतोस हे दुकानदार विसरला की तूच विसरलास माहीत नाही, पण पेनसिल्वेनियात मोठ्या जनावराच्या शिकारीला सेमी-ऑटो चालतच नाही! २०१७ साली तिथल्या गेम कमिशनने सेमी-ऑटो रायफलला परवानगी दिली ती ससे-खारी आणि कोल्ह्या-कायोटीपुरती (कायोटी म्हणजे इथला लांडग्यासारखा प्राणी), हरीण, अस्वल, एल्क यांच्यासाठी प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस हातानेच चढवायची रायफल लागते. म्हणजे तू हजारावर डॉलर टाकून जी घेणार ती वर्षातून एकदा कोलोरॅडोची हवा खाणार आणि बाकीचं वर्ष कपाटात, घराशेजारच्या हरणांना तुला दुसरी घ्यावीच लागणार. मला तर हा एकच मुद्दा पुरेसा वाटतो, पण तू काही एका मुद्द्यावर ऐकणारा नाहीस.

आमच्या कोलोरॅडोत सेमी-ऑटो चालते, फक्त मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसतं ती जागा) धरून जास्तीत जास्त ६ काडतुसं. शिवाय कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, किमान .२४ इंच लागतं आणि एल्कला गोळी किमान ८५ ग्रेन वजनाची, त्यामुळे तुझ्या ऑफिसमधला तो मित्र त्याची एआर-१५ सेमी-ऑटो देतो म्हणाला ना, ती .२२३ असेल तर विसर, एल्कला ती बेकायदेशीरच आहे. .३०८ मधली एआर-१० चालेल, पण ती स्कोपशिवायच (वरच्या दुर्बिणीशिवाय) चार किलोच्या आसपास जाते आणि ती खांद्यावर घेऊन तू दहा हजार फुटांवर चढणार, जिथे पहिले दोन दिवस बुटाची लेस बांधतानाही धाप लागते. २०२५ मध्ये इथे अजून एक कायदा झालाय, सुटं मॅगझिन लागणाऱ्या बऱ्याच सेमी-ऑटो विकत घ्यायला १ ऑगस्ट २०२६ पासून ट्रेनिंग वगैरे लागणार. तू तुझ्याकडेच घेणार म्हणून तुला लागू नाही, पण इथे येऊन घेऊ असा विचार असेल तर लक्षात ठेव.

तू बघितलीस ती ब्राउनिंगची बीएआर, बरोबर ना? नावावरून गोंधळू नकोस, महायुद्धातली बीएआर वेगळी, ही १९६७ सालची शिकारीची रायफल आहे आणि चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तिचा मोठा फायदा म्हणजे धक्का कमी लागतो. गोळी सुटताना नळीतला थोडा गॅस पिस्टन ढकलतो, त्याने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दट्ट्या) मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते, आणि या सगळ्या धावपळीत खांद्याला बसणारा दणका एकदम न बसता जरा पसरून बसतो. .३०० विन मॅगसारख्या (विंचेस्टर मॅग्नम) दांडग्या काडतुसाला हा फरक चांगलाच कळतो. ज्याला धक्क्याची धास्ती बसलीये, जो चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतो, त्याला मी स्वतः सेमी-ऑटो दे म्हणेन.

पण तुला मॅग्नम हवीच कशाला रे? एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थंड देशातला थोराड भाऊ समज, नर तीनशे किलोच्या पुढेमागे, तरी चांगली गोळी फुफ्फुसात बसली तर .३०-०६ किंवा .३०८ भरपूर झाली, .२७० ने पण लोक आयुष्यभर एल्क मारत आलेत. काडतूस एक पायरी खाली घे, धक्का आपोआप कमी होतो, त्यासाठी पिस्टन नको नि स्प्रिंग नको.

दुसरा फायदा म्हणतात तो झटपट दुसऱ्या गोळीचा. यात तथ्य आहे, कारण एल्क चिवट असतो, फुफ्फुसात लागलं तरी काही वेळा नुसता उभा राहतो जणू काही झालंच नाही, आणि तो खाली पडेपर्यंत गोळ्या घालत राहायच्या असं इथले जुने लोक सांगतात ते खरंच आहे. पण बोल्ट रायफलचा, म्हणजे हँडलने बोल्ट हातानेच मागे-पुढे करायच्या रायफलचा, सराव केलेला माणूस रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी उडवतो, बंद करतो, आणि स्कोपमध्ये जनावर परत सापडायला जो वेळ लागतो तो सेमी-ऑटोवाल्यालाही लागतोच ना. उरला एखाद्या सेकंदाचा फरक. उलट सहा आहेत सहा आहेत म्हणून पहिली गोळी घाईत घालणारे मी पाहिलेत, आणि मग अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत सगळ्या कॅम्पने फिरायचं.

आता जी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही ती ऐक. डोंगरात चढताना, पडलेली झाडं ओलांडताना आपण चेंबर रिकामं ठेवतो, निदान माझ्याबरोबर येणाऱ्याने ठेवायचंच. मग पहाटे झाडीत एल्क दिसतो, साठ-सत्तर यार्डांवर, आणि आता काडतूस चेंबरमध्ये घ्यायचंय. बोल्ट रायफलमध्ये ते हळू, दाबून, जवळजवळ आवाज न करता घेता येतं. सेमी-ऑटोचा बोल्ट मागे ओढून सोडावा लागतो, तो खडाक् करून बसतो आणि अख्खा कळप वळून तुझ्याकडे बघतो. हाताने धरून हळूच सोडला तर कधीकधी तो पूर्ण लॉकच होत नाही, मग चाप दाबला की काहीच नाही. मला विचारशील तर एल्कसाठी बोल्ट घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकी अचूकता वगैरे गप्पा ठीक आहेत, तीनशे यार्डांच्या आत चांगली सेमी-ऑटोही पुरेशी अचूक असते.

त्यात इथला नोव्हेंबर. बर्फ, चिखल, गोठणारं तेल. गॅसवर चालणाऱ्या यंत्राला काजळी आणि घट्ट झालेलं तेल सोसत नाही, सुस्त होतं. बोल्टला तुझ्या हाताची ताकद असते, पुंगळी अडकली तर हँडल उचलतानाच ती थोडी सैल होते. आणि घसरून पडलास, नळीत बर्फ गेला असं वाटलं, तर आधी मॅगझिन रिकामं करायचं, बोल्ट काढून खिशात टाकायचा आणि मागून नळीतून आरपार बघायचं, दोन मिनिटांचं काम. बीएआरमध्ये असं मागून बघता येत नाही. (रात्री रायफल गरम तंबूत आणू नकोस, कुठलीही असो. तिला घाम फुटतो आणि सकाळी बाहेर नेली की तो आत गोठतो.)

आणि तू डावखुरा! कॉलेजात तुझ्या डावऱ्या स्पिनने सगळ्यांना छळलंस ते आठवतंय, पण इथे तेच तुला छळणार. साधी सेमी-ऑटो पुंगळ्या उजवीकडे फेकते, म्हणजे तुझ्या तोंडासमोरून. साध्या बोल्टचं हँडलही उजवीकडे. पण डावरी बोल्ट रायफल मिळते, सॅव्हेजची मिळते, टिक्काची मिळते, आणि सॅव्हेज तर सेमी-ऑटोच्या निम्म्या किमतीत, उरलेले पैसे स्कोपला आणि बुटांना. दुकानात नसेल तर मागवून घे, थांबावं लागलं तरी थांब.

लिव्हर अ‍ॅक्शनचा (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायच्या रायफलचा) मोह होईल, काउबॉय सिनेमे पाहून सगळ्यांनाच होतो. डावऱ्याला ती सोयीचीच आहे, पण जुन्या पद्धतीच्या नळकांड्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडावर टेकतं, म्हणून टोकदार गोळ्या चालत नाहीत, बोथट लागतात आणि त्या लांबवर लवकर खाली येतात. ब्राउनिंगच्या बीएलआरला सुटं मॅगझिन आहे, तिला हा त्रास नाही, फक्त आडवं पडून नेम धरलास तर लिव्हर जमिनीला अडते.

पंप (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायची रायफल) मात्र तुझ्यासाठी खरंच विचार करण्यासारखा आहे. रेमिंग्टनची ७६० गेममास्टर, १९५२ पासूनची, आणि नंतरची ७६००, या तुमच्या पेनसिल्वेनियात पूर्वीपासून लाडक्या, सेमी-ऑटो चालत नाही म्हणून लोक याच घेतात आणि गमतीने हिला ‘आमिश मशीनगन’ म्हणतात (आमिश म्हणजे आधुनिक यंत्रं टाळणारा तिथला ख्रिस्ती पंथ). डावा-उजवा भेद फारसा नाही, दुसरी गोळी बोल्टपेक्षा पटकन. सेकंडहँड .३०-०६ चांगल्या स्थितीत दिसली तर मला फोटो पाठव. तरी पहिली रायफल म्हणून माझं मत डावऱ्या बोल्टलाच, कारण पंपचा पुढचा भाग जरासा खुळखुळतो आणि शांत जंगलात तो आवाज मला सहन होत नाही, तुला कदाचित चालेल.

घेतलीस की रेंजवर फक्त बाकावर बसून नको, गुडघ्यावर, बसून, काठीच्या आधाराने असा सराव कर आणि प्रत्येक गोळीनंतर खांद्यावरच बोल्ट मारायची सवय लाव. इथे आलास की झिरो (स्कोपचा नेम बरोबर लागतो का ते) परत तपासू, विमानाच्या सामानात स्कोप हलतोच. कोलोरॅडोच्या ड्रॉचा (लायसन्सच्या सोडतीचा) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतो आणि बाहेरच्या राज्यातल्याला एल्कचं लायसन्स सातशे डॉलरच्या वर पडतं, तेव्हा मार्चमध्येच बसून भर, शेवटच्या रात्री मला फोन करू नकोस. भगव्या रंगाचं जॅकेट आणि टोपी माझ्याकडे जादा आहे, ती आणू नकोस. आणायचंच असेल तर काकूंनी कोल्हापूरहून पाठवलेली कांदा-लसूण चटणी आण, इथे मिळते ती नुसती लाल असते.

तुझा,
नित्या