पहिलवान गव्हर्नर आणि त्यांच्या कारकिर्दीचा वाद

महोदय,

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे माजी गव्हर्नर जेसी व्हेंचुरा यांचे नाव निघाले की आमच्या सोलापुरातील तालमीत ‘पहिलवान गडी गव्हर्नर झाला’ असे कौतुक होते. त्यांची कुस्ती निकाल आधीच ठरलेली, करमणुकीची होती, हे मात्र तांबड्या मातीत घाम गाळणाऱ्यांना कोणी सांगत नाही. १९९८ मध्ये रिफॉर्म पक्षातर्फे निवडून आलेले व्हेंचुरा २००३ पर्यंत पदावर होते.

त्यांच्या नौदलातील सेवेचा वाद अधिक बारकाईने पाहायला हवा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते पाण्याखालील स्फोटकांचे काम करणाऱ्या पथकात होते आणि ही पथके १९८३ मध्ये, म्हणजे त्यांची सेवा संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ‘सील’ या अमेरिकी नौदलाच्या विशेष दलात सामावली गेली. त्यामुळे त्यांनी स्वतःला ‘सील’ म्हणवावे का, यावर माजी सैनिकांतच मतभेद आहेत. मूलभूत प्रशिक्षण दोघांचे एकच असल्याने त्यांना सरसकट खोटारडे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. याउलट, पदावर असताना २००१ मध्ये एक्सएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल स्पर्धेचे त्यांनी केलेले समालोचन, नियमात बसत असले तरी, मला मुळीच पटत नाही.

एक वाचक, सोलापूर