ब्रिजच्या बोलीतली ‘गंभीर चूक’ ठरवण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ब्रिज विश्लेषण प्रणालीतील ‘बोलीतील चुका’ हा अहवाल दिशाभूल करणारा असल्याबाबत

महोदय,

मी गेल्या जूनपासून आपल्या प्रणालीची वर्गणीदार आहे. खेळलेले डाव भरले की बोलीत, म्हणजे किती हात (चार पत्त्यांच्या फेऱ्या) जिंकू हे आधी सांगण्यात, कोण चुकलं आणि ती चूक किती इम्पला (टीम सामन्यातले गुण) पडली हे कळेल, असं आपण सांगता. आठ महिने तो अहवाल वाचून आमची बोली बिघडली आहे.

एकच डाव मांडते. टीम सामना (तेच पत्ते दोन टेबलांवर खेळले जातात), आम्ही व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त). दक्षिणेला माझे भाऊजी. आम्ही दोघं एकोणीस वर्षं जोडीनं खेळतो. त्यांच्याकडे इस्पिक एक्का-राणी-गुलाम-७-२, बदाम एक्का-५, चौकट राजा-६-३, किलवर एक्का-८-४. माझ्याकडे इस्पिक १०-९-८-४, बदाम राजा-६-२, चौकट एक्का-७-५, किलवर ९-५-३. त्यांनी एक इस्पिक म्हटलं, मी दोन, त्यांनी थेट चार, म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून दहा हातांचा गेम (मोठ्या बक्षिसाचा करार). चौकटचा एक आणि किलवरचे दोन हात जाणारच होते, म्हणजे सगळं इस्पिकच्या राजाच्या फिनेसवर (राजा पूर्वेकडे असेल तर तो पकडण्यावर) होतं. राजा पश्चिमेकडे निघाला, एक हात कमी पडला. अहवालात भाऊजींच्या चार इस्पिकांपुढे लाल अक्षरांत आलं : ‘गंभीर चूक, ६ इम्प’.

आपली प्रणाली डबल डमी पद्धतीनं, म्हणजे चारही खेळाडूंचे पत्ते उघडे धरून, जिंकता येणारे हात मोजते. त्या मांडणीत नऊच हात होतात, हे मला मान्य आहे. पण बोली लावताना भाऊजींना तेरा पत्ते दिसत होते, राजा कुठे आहे ते नाही. गेम बनला तर आमचे ६२०, दुसऱ्या टेबलावर तीनला थांबलेल्यांचे १७० : आम्हाला १० इम्प. बुडाला तर उणे १०० विरुद्ध त्यांचे १४० : ६ इम्प गेले. म्हणजे साडेसदतीस टक्के शक्यता असली तरी गेम लावावा. इथं ती निम्मी होती. बोली बरोबर होती, राजा उलट्या बाजूला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून दाखवण्यासाठीच तर मी पैसे भरले.

उलटही घडलं. दोन फिनेस दोन्ही लागल्याशिवाय न बनणारा सहा इस्पिकांचा लहान स्लॅम (बारा हातांचा करार) आम्ही लावला आणि दोन्ही लागले. लहान स्लॅमला साधारण निम्मी शक्यता हवी, इथं ती पाव होती. त्यावर शेरा : ‘उत्कृष्ट बोली’.

हे सुधारणं अशक्य नाही. आमच्या दोघांचे पत्ते तसेच ठेवले तर उरलेले २६ पत्ते विरोधकांत १,०४,००,६०० प्रकारे वाटता येतात. त्यातले हजारभर वाटे यदृच्छेनं काढा, विरोधकांच्या पासशी (बोली न लावण्याशी) न जुळणारे वगळा, प्रत्येक सोडवा आणि गेम किती वेळा बनतो ते सांगा. त्याहून योग्य म्हणजे फक्त बोली लावणाऱ्याचे पत्ते कायम ठेवून पार्टनरचे पत्तेही त्याच्या बोलीत बसतील असे बदलत राहा. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या ‘जिब’ या ब्रिज खेळणाऱ्या प्रोग्रामनं याच तऱ्हेचे वाटे काढून बोली आणि खेळ ठरवला आणि १९९८ साली जागतिक संगणक ब्रिज स्पर्धा जिंकली. बो हॅगलंड यांचा डबल डमी सोडवणारा प्रोग्राम तर कुणालाही वापरता येतो.

मी हे दोनदा कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘आमचं विश्लेषण शंभर टक्के अचूक आहे.’ हातांची मोजणी अचूक आहे. माझा प्रश्न तो नव्हताच.

सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो अहवाल मी भाऊजींसमोर धरला आणि ‘बघा, तुम्ही घाई केलीत’ म्हणाले. ते काही बोलले नाहीत. नंतरचे चार महिने ते तीनवर थांबत राहिले आणि बनणारे गेम आमच्या हातून गेले. मी त्यांची माफी मागितली आहे.

माझी मागणी अशी : अहवालातला ‘चूक’ हा शब्द वाटे काढून शक्यता तपासल्याशिवाय वापरू नये, तोवर त्या सदराला ‘डबल डमी निकाल’ एवढंच नाव द्यावं, माझी या वर्षीची वर्गणी परत करावी, आणि आमच्या खात्यातल्या त्या डावावरचा भाऊजींच्या बोलीपुढचा लाल शेरा काढून टाकावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

आपली,
एक वर्गणीदार, पुणे